होस्टेलची वीज, होस्टेलचं पाणी आणि मेसचा एक ग्लास

सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलमध्ये दोनच जण जागे असतात. एक आपण, आणि दुसरा बाथरूममधला तो नळ. कितीही आवळा, बारीक धार चालूच. पॅसेजच्या सगळ्या ट्यूब ढणढण जळत असतात आणि त्या उजेडात हा नळ गळत असतो. रोज पाहून पाहून आपल्याला त्याचं काही वाटेनासं होतं.

एका रात्री दोन वाजता आमच्यातल्या सिव्हिलवाल्या मित्राने मेसचा स्टीलचा ग्लास त्या धारेखाली धरला आणि मोबाईलमध्ये वेळ लावली. ग्लास २०० मिलीचा. बरोबर दोन मिनिटांत भरला. म्हणजे मिनिटाला १०० मिली, तासाला ६ लिटर, दिवसाला १४४ लिटर. आता गंमत बघा. भारतीय मानकांप्रमाणे (आयएस ११७२) होस्टेलमधल्या एका माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. म्हणजे आमच्या विंगमध्ये एक मुलगा जास्तीचा राहत होता. त्याची ना फी, ना अटेंडन्स, आणि तो आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त पाणी वापरत होता!

दोन इलेक्ट्रिकल, एक मेकॅनिकल आणि एक सिव्हिल अशा आम्हा चौघांची मिनी-प्रोजेक्टची शोधाशोध तिथेच संपली. विषय ठरला: जुन्या होस्टेल इमारतीची दिवाबत्ती, वायरिंग आणि पाणी नव्याने आखायचं झालं तर काय काय करावं लागेल? त्यातून जे समजलं ते इथे सांगतो. आकडे कोणत्याही एका कॉलेजचे नाहीत. हिशोबासाठी एक नमुन्याचं होस्टेल धरलं आहे: १०० खोल्या, २०० मुलं, ६०० चौ. मी. गच्ची. तुमच्या इमारतीचे आकडे घालून हाच हिशोब तुम्हीही करू शकता.

पाणी येतं कुठून?

सुरुवातीलाच एक मजेशीर गोष्ट कळली. कल्याण-डोंबिवली उल्हास नदीचं पाणी पिते. उन्हाळ्यात या नदीत जे पाणी वाहतं, त्यातला मोठा भाग भिवपुरीच्या टाटांच्या जलविद्युत केंद्रातून सोडलेला असतो. हे केंद्र १९२२ सालचं. आंध्रा खोऱ्यातलं पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली आणायचं, त्यावर टर्बाइन फिरवायचं आणि मग ते उल्हासमध्ये सोडायचं. म्हणजे आपल्या बादलीत येण्याआधी या पाण्याने वीज तयार केलेली असते. आणि आपण काय करतो, तर वीज जाळून ते गच्चीवर चढवतो आणि ओव्हरफ्लो करून गटारात सोडतो.

ठाण्याचं म्हणाल तर एवढं मोठं शहर, पण स्वतःचं धरण नाही. भातसा नदीवरची महापालिकेची योजना, स्टेम, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार ठिकाणांहून पाणी गोळा करून शहर चालतं. त्यामुळे मे महिन्यात पाणीकपात आणि टँकर हे शब्द आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत.

वीज खातं कोण?

पैज लावली होती. एक म्हणाला ट्यूबलाइट, दुसरा म्हणाला पाण्याचा पंप. दोघेही हरले. नमुन्याच्या होस्टेलचा एका दिवसाचा हिशोब असा:

पंखे: १०० पंखे, प्रत्येकी ७५ वॉट, १६ तास = १२० युनिट.
गीझर: २०० मुलं, प्रत्येकी १५ लिटर पाणी २५ वरून ४५ अंशांवर न्यायचं. एकाला ०.३५ युनिट, सर्वांना मिळून ७० युनिट.
खोल्यांतल्या ट्यूब: २०० ट्यूब, जुन्या चोकसकट ५० वॉट, ६ तास = ६० युनिट.
पॅसेज आणि बाथरूम: ६० ट्यूब, ५० वॉट, १२ तास = ३६ युनिट.
पंप: २७,००० लिटर पाणी २० मीटर चढवायला, जुना पंप धरून सुमारे ४ युनिट.

एकूण २९० युनिट. पंखा पहिला. पंखा कोणाच्या डोळ्यावर येत नाही, म्हणून त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. ‘दिवे बंद करा’ अशी पाटी सगळीकडे असते. ‘पंखा बंद करा’ अशी पाटी तुम्ही किती ठिकाणी पाहिली?

पंख्याला उपाय आहे. आता बीएलडीसी मोटरचे पंखे मिळतात. जुन्या इंडक्शन मोटरमध्ये घसरण (स्लिप) आणि तांब्यातली हानी यांत बरीच वीज वाया जाते. बीएलडीसीमध्ये रोटरवर कायमचे चुंबक असतात आणि इलेक्ट्रॉनिक सर्किट वेग सांभाळतं. तेवढाच वारा ३० वॉटच्या आसपास मिळतो. व्होल्टेज पडलं तरी वेग फारसा पडत नाही. मात्र जुना रेग्युलेटर काढावा लागतो, नाहीतर सर्किट जळायची भीती. आणि रिमोटचा पंखा असेल तर तो रिमोट सेमिस्टर संपेपर्यंत टिकेल का, याचं उत्तर आम्ही देणार नाही. भिंतीवरच्या बटणाने वेग बदलणारं मॉडेल घ्यावं, हे बरं.

खर्चाचं काय? पंखा २,७०० रुपयांना आणि युनिट १० रुपयांना धरा. एका पंख्यामागे रोज ०.७२ युनिट वाचतं. होस्टेल वर्षात २५० दिवस भरलेलं असेल तर १८० युनिट, म्हणजे १,८०० रुपये. दीड वर्षात पैसे वसूल. पुढे सगळा नफा.

उजेड हवा कुठे?

दिव्यांच्या बाबतीत आमची पहिली कल्पना सोपी होती. जुनी ट्यूब काढा, एलईडी लावा, झालं! २०१५ साली केंद्राची उजाला योजना आल्यापासून एलईडी स्वस्त झाले आहेत, तेव्हा हे काम फार कठीण नाही. पण मग प्रश्न पडला, खोलीत मुळात उजेड किती हवा?

उजेड मोजायचं एकक लक्स. एका चौरस मीटरवर एक ल्युमेन प्रकाश पडला की एक लक्स. वाचायला-लिहायला टेबलावर ३०० लक्स असावा, पॅसेजला १०० पुरे. आता १५ चौ. मी.ची खोली घ्या. जुन्या दोन ट्यूब मिळून सुमारे ४,८०० ल्युमेन. पण त्यातला निम्म्याहून जास्त प्रकाश छतावर, भिंतींवर, कपाटावरच्या सुटकेसवर जातो. वर धूळ आणि जुनेपणा. हे सगळं वजा केलं की टेबलावर जेमतेम ९० लक्स पोचतो. शिवाय ट्यूब पाठीमागे आणि टेबल भिंतीला, म्हणजे वहीवर आपल्याच डोक्याची सावली. दोन-दोन ट्यूब जाळूनही आपण अंधारातच अभ्यास करत होतो!

म्हणून नुसते दिवे बदलायचे नाहीत, त्यांची जागा बदलायची. खोलीला वावरण्यापुरती एकच २० वॉटची एलईडी ट्यूब आणि प्रत्येक टेबलावर ५ वॉटचा दिवा. टेबलावर ३०० लक्स मिळतो आणि खोलीचे १०० वॉट ३० वर येतात. शिवाय एकाला रात्रभर जागायचं असेल तर दुसऱ्याला डोळ्यावर टॉवेल टाकून झोपावं लागत नाही. रूम पार्टनरशी होणारी निम्मी भांडणं इथेच मिटतात. भिंतींना पांढरा रंग दिला तर आणखी फायदा. पॅसेजमध्ये एलईडी आणि जोडीला टायमर किंवा हालचाल ओळखणारा सेन्सर लावावा. जिन्यात मात्र पूर्ण अंधार कधीच करू नये, तिथे एक दिवा कायम हवा.

रॉडची गोष्ट

आता गंभीर विषय. हसू नका, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या कपाटात, कपड्यांच्या खाली, पाणी तापवायचा रॉड आहे. रेक्टर सर दर सहामाहीला धाड घालतात, चार-पाच रॉड जप्त होतात आणि आठवडाभरात नवे येतात.

रॉड १,५०० वॉटचा असेल तर २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर खेचतो. खोलीतलं सॉकेट ६ अँपिअरचं. एकाच सर्किटवर तीन-चार खोल्या आणि थंडीत सगळ्यांचा वेळ सकाळी सहाचाच. वायर तापते, तिचं आवरण कडक होऊन तडकतं. कधी तरी एमसीबी पडतो. मग कोणी तरी ‘हुशार’ तिथे जास्त अँपिअरचा एमसीबी बसवतो. हे सगळ्यात वाईट. एमसीबी वायरला वाचवण्यासाठी असतो, तो मोठा केला की वायरच फ्यूज होते, आणि तीही भिंतीच्या आत.

त्याहून वाईट म्हणजे शॉक. ओल्या फरशीवर उभं राहून बादलीत बोट घालून पाणी तापलं का बघणारे महाभाग आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. आमच्यातल्या एकाला पहिल्या वर्षी असा झटका बसला होता. रॉडचं आवरण आतून फुटलं होतं आणि सॉकेटला अर्थिंग नावापुरतंच होतं. पार्टनरने मुख्य बटण पाडलं म्हणून हा लेख आज चौघांच्या नावाने निघतो आहे. हे आम्ही घरी सांगितलेलं नाही.

यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, प्रत्येक मजल्याला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत आला नाही, म्हणजे तो कुठून तरी जमिनीत जातो आहे, कदाचित तुमच्या अंगातून, हे तो ओळखतो आणि सेकंदाच्या छोट्याशा भागात वीज तोडतो. एमसीबी हे काम करत नाही, हे लक्षात ठेवा. दुसरं, अर्थिंगची तपासणी दर वर्षी, आणि ती कागदावर नाही, मीटर लावून. आराखड्यात पैसे कमी पडले तर एलईडी पुढच्या वर्षी घ्या, पण हे दोन आधी करा.

आणि मुळात मुलं रॉड का वापरतात? कारण गीझरपाशी रांग असते आणि पहिली अर्धी बादली गारच येते. गीझर ते नळ हे अंतर २० मीटर असेल तर त्या पाइपात सहा लिटरहून जास्त पाणी थंड होऊन बसलेलं असतं. ते आपण रोज ओतून देतो. जप्ती करून रॉड जाणार नाहीत, वेळेवर गरम पाणी मिळालं की आपोआप जातील. त्यासाठी गच्चीवर ३,००० लिटरचा सौर पाणीतापक (त्याला सुमारे ६० चौ. मी. कलेक्टर लागतो), पाइपांना उष्णतारोधक वेष्टण आणि पावसाळ्यासाठी टायमरवर चालणारा विजेचा जोड हवा. ७० युनिटचा खर्च वर्षाच्या सरासरीने २० युनिटवर आणता येईल असं आम्ही धरलं आहे.

यात आपलं शहर मागे नाही, बरं का. कल्याण-डोंबिवली महापालिकेने नव्या इमारतींना सौर पाणीतापक सक्तीचे केले, ठाण्यानेही तोच रस्ता धरला. केंद्राने २००८ मध्ये सुरू केलेल्या ‘सोलर सिटी’ कार्यक्रमात ही दोन्ही शहरं होती. पारंपरिक ऊर्जेची अपेक्षित मागणी पाच वर्षांत किमान १० टक्क्यांनी कमी करायची, तीही सौर ऊर्जा आणि बचत दोन्ही मिळून, असं त्याचं उद्दिष्ट होतं. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात तर ठाणे महापालिकेने सूर्याच्या उष्णतेने वाफ करून त्यावर वातानुकूलन चालवण्याचा प्रकल्प उभारला होता.

पाणी: बादलीवाल्यांचा देश

पाणी वाचवायचं म्हटलं की पुस्तकात पहिला उपाय असतो नळाला एरेटर लावणे. पाण्यात हवा मिसळते, धार भरलेली वाटते आणि मिनिटाला १२ लिटरऐवजी ६ लिटर पडतं. वॉश-बेसिनला हा उपाय उत्तम. दात घासताना नळ चालू ठेवणारा प्राणी प्रत्येक विंगमध्ये असतोच. पण बाथरूममध्ये आपण बादली भरतो! तिथे एरेटर लावला तर पाणी वाचत नाही, बादली भरायला दुप्पट वेळ लागतो आणि बाहेर उभे असलेले दार वाजवतात. उपाय परदेशी पुस्तकातून उचलायचा तर आधी आपली सवय बघायला हवी.

दुसरी गोष्ट दाबाची. गच्चीवरच्या टाकीपासून वरच्या मजल्याचा नळ समजा ३ मीटर खाली आहे आणि तळमजल्याचा १५ मीटर. प्रवाह उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे तळमजल्यावर तोच नळ सव्वादोन पट पाणी सोडतो. वरचे बोंबलतात ‘पाणी येत नाही’ आणि खालचे न्हाऊन निघतात. खालच्या मजल्यांच्या लाइनवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवला की दोघांचंही भलं होतं.

तिसरी, फ्लश. जुन्या टाक्या १० लिटरच्या, नव्या दुहेरी बटणाच्या ३ आणि ६ लिटरच्या. टाकी बदलायला पैसे नसतील तर एक लिटरची बाटली पाण्याने भरून टाकीत ठेवा. दर फ्लशला एक लिटर वाचतं. २०० मुलं, दिवसाला चार वेळा धरली तर ८०० लिटर. पण एका टाकीत दोन-तीन बाटल्या कोंबू नका. जुन्या भांड्याला तेवढं पाणी पुरत नाही, तुंबलं की सगळी बचत एका दिवसात जाते.

चौथी, गच्चीवरची टाकी. वॉचमन काका पंप लावतात आणि गेटवर कोणी आलं की विसरतात. मिनिटाला २०० लिटरचा पंप १५ मिनिटं जास्त चालला तर ३,००० लिटर वाहून गेलं, म्हणजे २२ मुलांचं दिवसाचं पाणी. काकांना ओरडून उपयोग नाही. पाण्याची पातळी बघून पंप आपोआप बंद करणारा कंट्रोलर ही काही रॉकेट सायन्सची गोष्ट नाही, दुसऱ्या वर्षाची मुलंसुद्धा तो प्रोजेक्ट म्हणून करतात. आपले किती प्रोजेक्ट प्रदर्शनानंतर लॅबच्या माळ्यावर धूळ खातात, त्यातला एक गच्चीवर चढवला तरी पुरे.

आता पावसाचं पाणी. ठाणे परिसरात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. ६०० चौ. मी. गच्चीवर, वाया जाणारं २० टक्के सोडून, १२ लाख लिटर! आकडा ऐकून आम्ही नाचायचेच बाकी होतो. मग सिव्हिलवाला म्हणाला, हे सगळं चार महिन्यांत पडतं, आणि तेव्हा नळालाही पाणी असतंच. टंचाई मे महिन्यात. १२ लाख लिटर साठवायचं तर होस्टेलएवढीच टाकी बांधावी लागेल. पावसाळ्यात रोजच्या फ्लशिंगला हे पाणी वापरता येतं. माणशी ४५ लिटर धरलं तर रोज ९,००० लिटर लागतं. उरलेलं बोअरवेलजवळ शोषखड्डा करून जिरवायचं. आपला खडक काळा पाषाण, पाणी मुरतं ते फटींतून आणि मुरमातून, म्हणून खड्ड्याची जागा तपासूनच ठरवायला हवी.

मे महिन्याचं खरं उत्तर म्हणजे आंघोळीचं पाणी पुन्हा वापरणं. माणशी ५० लिटर धरा, २०० मुलांचं रोज १०,००० लिटर होतं. ते गाळून फ्लशला वापरलं की तेवढं ताजं पाणी वाचतं. मात्र हे पाणी दिवसभरापेक्षा जास्त साठवलं की वास मारतं, आणि त्याचे पाइप वेगळ्या रंगाचे, पिण्याच्या लाइनशी कुठेही न जोडलेले हवेत. जुन्या इमारतीत यासाठी भिंती फोडाव्या लागतात, नव्या इमारतीत नकाशातच एक जास्तीची रेघ ओढली की काम होतं. मुंबई विद्यापीठाची उपकेंद्रं आज ठाण्यात आणि कल्याणला आहेत. या भागात शिक्षणसंस्थांची बांधकामं पुढेही होत राहणार. ती रेघ नकाशावर असताना ओढली जावी एवढीच अपेक्षा.

आधी बचत, मग सौर पॅनेल

हे सगळं केल्यावर आमचा दिवसाचा हिशोब असा झाला: पंखे ४८, गरम पाणी २०, खोल्यांतले दिवे १८, पॅसेज १०, पंप २. एकूण ९८ युनिट. २९० वरून ९८, म्हणजे दोन-तृतीयांश वीज वाचली.

आता सौर पॅनेलचं बघा. आपल्याकडे १ किलोवॉट पॅनेल सरासरी रोज ४ युनिट देतं आणि त्याला सुमारे १० चौ. मी. जागा लागते. जुन्या २९० युनिटसाठी ७२ किलोवॉट, म्हणजे ७२० चौ. मी. हवेत. गच्ची ६०० चौ. मी.! बसतच नाही. पण ९८ युनिटसाठी २५ किलोवॉट आणि २५० चौ. मी. पुरतात. पाणीतापक, टाक्या आणि कपडे वाळत घालायला जागा उरते. काही ठिकाणी पहिल्यांदा पॅनेल बसवून उद्घाटनाचा फोटो काढतात आणि खाली ७५ वॉटचे पंखे तसेच फिरत राहतात. गळकी बादली भरायला मोठा नळ लावण्यातला हा प्रकार.

२०१४ साली आयआयटी मुंबई आणि रचना संसदच्या विद्यार्थ्यांची ‘टीम शून्य’ फ्रान्समध्ये व्हर्सायला सौर घरांच्या स्पर्धेत उतरली होती. तिथवर जाणारा तो पहिला भारतीय संघ. त्यांनी अख्खं घर उभारलं. आपल्याला निदान होस्टेलची विंग सुधारता येईल की नाही?

अडचण एकच आहे आणि ती इंजिनिअरिंगची नाही. होस्टेलचं बिल आपण भरत नाही, वर्षाच्या फीमध्ये ते कुठे तरी मिसळलेलं असतं. त्यामुळे वाया कोणाचं जातं ते दिसतच नाही. यावर आमची सूचना: प्रत्येक मजल्याला वेगळा वीजमीटर आणि पाण्याचा मीटर लावावा, आणि दर सोमवारी मेसच्या फळ्यावर आकडे लिहावेत. क्रिकेटमध्ये मजल्या-मजल्यांची जी खुन्नस असते, ती इथे कामाला येईल.

आणि तो नळ? इलेक्ट्रिशियन मामांकडे पाना होता, मेसच्या दादांनी वॉशर आणून दिला. वॉशर किरकोळ किमतीचा, काम दहा मिनिटांचं. आमचा तो जास्तीचा मुलगा त्या दिवशी होस्टेल सोडून गेला. तुमच्या विंगमध्ये असे किती राहतात? येत्या रविवारी मेसचा एक ग्लास घ्या आणि मोजून बघा. ग्लास परत द्यायला मात्र विसरू नका, मेसवाले दादा हल्ली ग्लासांचाही हिशोब ठेवतात.